हातातला घास आणि झाडावरचं घरटं : घारीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पंख मोडलेल्या एका घारीच्या उपचारांविषयी मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. काहींनी कुतूहलानं विचारलंय, काहींनी रागानं. ‘उकिरड्यावरचा घाणेरडा पक्षी’, ‘चोरटी’, ‘गरुडापुढे हिची काय किंमत’ अशीही वाक्यं पत्रांत आहेत. मला घार मनापासून आवडते, हे सुरुवातीलाच सांगते. जखमी शिकारी पक्ष्यांवर उपचार करणारी मी पशुवैद्यक आहे आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या शिकारी पक्ष्यांत घारीच सर्वाधिक असतात. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

गच्चीवर उभी राहून खात होते. मागून काहीतरी सणकन आलं, हातातला घास गेला आणि बोटावर ओरखडा उठला. घारीनं मलाच का निवडलं? रेबीजचं इंजेक्शन घ्यायला हवं का?

आधी जखमेचं बघू. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, पक्ष्याच्या नखानं तो होत नाही. पण घारीच्या नखांना कुजलेलं मांस लागलेलं असतं, तेव्हा ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणानं नीट धुवा आणि धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. ओरखडा खोल असेल, सूज आली असेल तर लगेच दाखवा.

आता ‘मलाच का’ याविषयी. घारीला तुमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला दिसला तो तुमचा हात आणि हातातली वस्तू. टेबलावर घारीला आडवी धरून मी तिचा पाय उघडते तेव्हा गरुडाच्या पायाशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. गरुडाचा पंजा जाड, बोटं दणकट, मागचं नख मोठं. धडपडणारा ससा त्यात जखडून जागीच मरतो. घारीची बोटं त्या मानानं आखूड आणि बारीक. नखं अणकुचीदार आहेत, पण पकडीत तेवढा जोर नाही. मोठं भक्ष्य झुंज देऊन मारणं हे तिचं काम नव्हे. वरून येणं, उडता उडता उचलणं आणि न थांबता निघून जाणं, हे तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे लांब पंख आहेत, हलकं शरीर आहे आणि क्षणात दिशा वळवणारी शेपटी आहे. दोन पंखांच्या टोकांमधलं अंतर जवळजवळ दीड मीटर भरतं, आणि वजन मात्र बहुधा किलोच्या आत. इतका मोठा दिसणारा पक्षी हातात घेतल्यावर इतका हलका लागतो की पहिल्यांदा धरणारा प्रत्येक जण दचकतो.

झडप मागून आली, तीही ठरवूनच. माणसाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे घार पाहते. जपानच्या किनाऱ्यावर, कामाकुरा आणि एनोशिमा या भागात, घारी पर्यटकांच्या हातातलं खाणं इतक्या वेळा पळवतात की तिथे सावधानतेचे फलक लावले आहेत. आणि ही आजची खोड नाही. इ.स. १५००च्या सुमारास इंग्लंडला गेलेल्या व्हेनिसच्या एका प्रवाशानं लिहून ठेवलंय की लंडनमधल्या घारी लहान मुलांच्या हातातला लोणी लावलेला पाव उचलून नेतात. पाचशे वर्षांपूर्वीची लंडनची घार आणि तुमच्या गच्चीवरची घार एकच गोष्ट ओळखून आहेत: उभं राहून खाणाऱ्या माणसाचं लक्ष आपल्याकडे नसतं.

उपाय साधे आहेत. भिंतीकडे पाठ करून बसा, छपराखाली किंवा दाट झाडाखाली खा. घास हवेत उंच धरून गप्पा मारू नका. आणि घार गंमत म्हणून झेलते म्हणून तुकडे वर फेकू नका. आज तुम्ही फेकलेला तुकडा ती उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात शोधते.

घार आणि गरुड लांबून वेगळे कसे ओळखायचे?

शेपटी बघा. घारीच्या शेपटीला टोकाशी खाच असते, आणि उडताना ती शेपटी सतत डावी-उजवी तिरकी करत असते. शेपटी पूर्ण पसरली की खाच जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून घाई न करता ती मिटेपर्यंत थांबा. पिसं झडण्याच्या दिवसांतही खाच फसवते. गरुडाची शेपटी गोलसर किंवा सरळ कापल्यासारखी, आणि तो ती अशी वळवत बसत नाही. पांढरं डोकं आणि विटकरी अंग दिसलं तर ती ब्राह्मणी घार. तिची शेपटी गोल असते आणि ती पाण्याच्या आसपास जास्त राहते. पांढुरकी, लाल डोळ्यांची, एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी छोटी घार म्हणजे कापशी. ती उकिरड्याकडे फिरकत नाही, तिला उंदीर हवे असतात.

मेलेलं, सडलेलं खाऊन घार आजारी कशी पडत नाही? आणि गिधाडं संपत आली तरी घारी टिकल्या, असं का?

पत्र लिहिणाऱ्या काकांनी दोन प्रश्न जोडून विचारलेत, आणि ते खरोखरच जोडलेले आहेत.

मेलेलं खाणाऱ्या पक्ष्यांच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं. सडक्या मांसातले बरेचसे जंतू तिथेच मरतात, लहान हाडंही विरघळतात. जे विरघळत नाही त्याची घार गोळी करून ओकून टाकते. विश्रांतीच्या झाडाखाली अशा करड्या, बोटाएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. त्या कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं उलगडणं हे मला फार आवडणारं काम आहे. एकाच गोळीत उंदराचे केस, पिसांचे देठ, एखादा इवला जबडा आणि किड्यांच्या चकचकीत पाठी निघतात. त्यांच्या सोबतीला रबरबँड, दोऱ्याची गुंतवळ आणि पिशवीचा तुकडाही निघतो. त्या घारीचा गेला दिवस कुठे कुठे गेला, ते त्या गोळीत वाचता येतं.

आता गिधाडांकडे वळते. गिधाड मोठ्या मेलेल्या जनावरावर अवलंबून असतं. भारतीय उपखंडात गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि काही जातींची संख्या थोड्या वर्षांत जवळजवळ शून्यावर आली. कारण २००४ मध्ये शोधनिबंधातून जगापुढे आलं आणि २००६ मध्ये भारतानं गुरांसाठी हे औषध बंद केलं. एकाच प्रकारच्या अन्नावर संपूर्ण जीवन बेतलेलं असलं की त्या अन्नातला एक दोषही पुरतो.

घारीनं आपलं जीवन असं एका गोष्टीवर बेतलेलं नाही. जनावराचं जाड कातडं तिला फाडता येत नाही; दुसऱ्या कुणी ते उघडलं की ती कडेनं लहान तुकडे उचलते. शिवाय मासा, बेडूक, सरडा, उंदीर, कबुतराचं पिल्लू, टोळ आणि पहिल्या पावसानंतर वाळवीतून निघणारे पंखवाले किडेही तिला चालतात. हे किडे ती उडता उडता पायात धरते आणि पाय चोचीशी नेऊन हवेतच खाते. एकदा मुद्दाम बघा, दुर्बीण लागत नाही. नांगरटीच्या मागे, गवत कापणाऱ्यांच्या मागे, कत्तलखान्याच्या वर, मासे उतरवणाऱ्या धक्क्यावर, जिथे काही हललं, उघडलं, सांडलं तिथे ती हजर होते. युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया अशा चार खंडांत ती पसरली आहे, ती याच जोरावर.

म्हणून तिला ‘घाणेरडी’ म्हटलेलं मला सहन होत नाही. घाण आपली असते. ती फक्त त्यातलं खाण्याजोगं ओळखते.

‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिल्लांपाशी’ असं आजी म्हणते. हे खरं आहे का? (इयत्ता सातवी)

आजीची म्हण खरी आहे, फक्त त्यात बाबाही आहे हे तिला सांग.

अंडी बहुतेक वेळा दोन किंवा तीन असतात. पांढुरकी, त्यावर तपकिरी-तांबूस डाग. ती उबवायला साधारण महिना लागतो, आणि बसण्याचं काम मुख्यतः मादी करते. त्या दिवसांत आकाशात हिंडून अन्न आणतो तो नर. तो घरट्याशी येतो, हळूच शीळ घालतो, भक्ष्य देतो आणि जातो. पिल्लं बाहेर आल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे आई जवळच असते. उन्हात पंख अर्धवट पसरून सावली धरते, आणि नरानं आणलेल्या मांसाचे बारीक तुकडे करून चोचीतून भरवते. पिल्लं थोडी मोठी झाली आणि स्वतः मांस फाडू लागली की मग तीही हिंडायला बाहेर पडते. तेव्हा तिचं चित्त खरंच पिल्लांपाशी असतं: घरट्याच्या दिशेनं कावळा वळला की कुठून कुठून ती सुसाट येते.

यातली एक गोष्ट मात्र कठोर आहे, आणि तू सातवीत आहेस म्हणून ती लपवत नाही. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. पहिलं पिल्लू मोठं होतं, शेवटचं लहान राहतं. अन्न भरपूर असेल तर तिन्ही जगतात. कमी पडलं तर मोठं पिल्लू लहानाला टोचतं, खाऊ देत नाही, आणि आई-बाप मध्ये पडत नाहीत. घरट्यातून उडायला पिल्लांना सहा-सात आठवडे लागतात, आणि त्यानंतरही काही आठवडे आई-बाप त्यांना खायला आणून देतात. छातीवर फिकट रेघा आणि पाठीवर पिवळसर ठिपके असलेली घार दिसली तर समज, ती याच वर्षीची आहे.

आमच्या खिडकीसमोरच्या झाडावर घारीचं घरटं आहे. त्यात चिंध्या, वायर, प्लास्टिकच्या पिशव्या भरल्यात. काटक्या मिळत नाहीत म्हणून का?

काटक्या मिळतात, आणि घरट्याचा सांगाडा काटक्यांचाच असतो. तीच जोडी बहुतेकदा तेच घरटं दरवर्षी डागडुजी करून वापरते. आत मऊ अस्तर लागतं आणि चिंधी त्यासाठी उत्तम.

पण प्लास्टिकची कहाणी याहून फार सुरस आहे, आणि ती स्पेनमधून येते. तिथल्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात फॅब्रिझिओ सर्जिओ आणि त्यांचे सहकारी घारींचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आले आहेत. पायात ओळखीची वळी घातलेली असल्यानं प्रत्येक घारीचं वय त्यांना ठाऊक होतं. २०११ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं की अंडी घालण्याच्या आधीच्या दिवसांत घारी घरट्यावर पांढरं प्लास्टिक आणून लावतात, आणि ते किती लावायचं हे त्यांच्या ताकदीशी जुळतं. अगदी कोवळ्या जोड्या जवळजवळ काहीच लावत नाहीत, फार वयस्कही नाहीत. सात ते बारा वर्षांच्या, ऐन भरातल्या, चांगला प्रदेश राखून असलेल्या जोड्या भरपूर लावतात. शेजारच्या घारींना उडता उडता दिसतं की इथे मजबूत मालक आहे, आणि त्या घुसखोरी टाळतात.

मला यातला सर्वांत सुंदर भाग पुढचा वाटतो. संशोधकांनी काही घरट्यांवर स्वतः जास्तीचं प्लास्टिक ठेवून पाहिलं. घारींनी त्यातलं बरंच काढून टाकलं. आपल्या कुवतीपेक्षा मोठी घोषणा केली तर आव्हान देणारे येतील आणि ते झेपणार नाहीत, असा हा हिशेब. वाऱ्यानं उडालेली पिशवी आपण कचरा म्हणून सोडतो. तिथे तीच पिशवी, कुणी लावली आणि किती लावली यावरून, खरा अर्थ असलेली खूण झाली.

तुमच्या खिडकीसमोरची जोडी नेमकं हेच करते आहे असं मी म्हणणार नाही. चिंध्या आणि वायर यांचं काम वेगळंही असतं. पण अंडी घालण्याच्या हंगामात रोज एकदा घरट्याकडे बघा आणि कोणती वस्तू कोणत्या दिवशी आली ते वहीत टिपून ठेवा. एक विनंती आहे. दोरा, नायलॉन आणि मासेमारीची जाळी उघड्यावर टाकू नका. पिल्लांच्या पायाला पीळ बसून पाय सुकलेले मी पाहिले आहेत, आणि असा पाय वाचवता येत नाही.

इमारतीच्या वाटेवर एक घार येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालते. घरटं काढून टाकायचं ठरतंय. तुमचं मत?

काढू नका. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असताना काढलंत तर तो कायद्याच्या दृष्टीनंही गुन्हा ठरू शकतो आणि माणुसकीच्या दृष्टीनं तर आहेच. हा प्रकार थोड्या आठवड्यांचा असतो, पिल्लं उडाली की संपतो. तोवर वाटेवर छत्री उघडून चाला. घार बहुधा मागून येते, आणि छत्रीवर ती झडप घालत नाही किंवा घातली तरी तुम्हाला लागत नाही. शक्य असेल तर जाण्यायेण्याची वाट झाडाच्या दुसऱ्या बाजूनं वळवा आणि एक पाटी लावा. पुढच्या वर्षी त्या जागी घरटं नको असेल तर हंगाम सुरू होण्याच्या आधी, घरटं रिकामं असताना, फांद्यांची छाटणी करून घ्या.

पण ‘हीच घार का, बाकीच्या का नाहीत’ हा तुमच्या पत्रातला उपप्रश्न मोलाचा आहे. दिल्लीत या विषयावर सखोल काम झालं आहे. त्या शहरात घारींची दाटी जगावेगळी आहे; व. म. गालुशिन या रशियन पक्षितज्ज्ञांनी १९७१ मध्येच तिथल्या शिकारी पक्ष्यांच्या प्रचंड वस्तीविषयी शास्त्रीय नियतकालिकात लिहिलं होतं. अलीकडे निशांत कुमार आणि सहकाऱ्यांनी तिथल्या घरट्यांजवळ जाऊन घारींची प्रतिक्रिया मोजली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, जिथे माणसांचा कचरा जास्त आणि जिथे माणसं घारींना मुद्दाम मांस घालतात, तिथल्या घारी घरट्याचं रक्षण अधिक आक्रमकपणे करतात. माणसाची रोजची सवय झाली की भीती ओसरते, आणि राखण्याजोगं अन्न जवळ असलं की हिंमत वाढते.

तेव्हा तुमच्या वाटेवरच्या घारीचा राग करण्याआधी आसपास उघडा कचरा कुठे साचतो ते बघा. आजूबाजूला कुणी तिला मांसाचे तुकडे घालतं का, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर तिथे सापडतं.

मग घारींना खायला घालणं चूक आहे का? मी रोज सकाळी खिमा घालते. त्या माझी वाट बघतात.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण एवढ्या प्रेमानं घारीकडे बघणारं माणूस विरळा. तरीही माझं उत्तर ‘थांबवा’ असंच आहे.

वरच्या उत्तरातलं एक कारण तुम्हाला दिसलंच असेल. दुसरं कारण मला टेबलावर दिसतं. रानात घार उंदीर हाडांसकट खाते. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं. आई-बापानं सतत सोललेलं मांसच आणलं तर वाढत्या पिल्लाला चुना पुरत नाही. पायाची हाडं धनुष्यासारखी वाकलेली पिल्लं माझ्याकडे आली आहेत. उचलली की किंचित दाबानंही हाड मोडेल अशी भीती वाटते. त्यातली मोजकीच पुढे उडतात.

लगेच एकदम बंद केलंत तरी मोठ्या घारी उपाशी मरणार नाहीत. एका जागेचं बंद झालं की दुसरी शोधायची, यातच त्यांची हुशारी आहे. तुम्हाला त्यांच्यासाठी काही करायचंच असेल तर उन्हाळ्यात गच्चीवर पसरट, उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज घासून भरा. आणि परिसरात उंदीर मारण्यासाठी विष घातलं जात असेल तर ते थांबवायला लावा. रक्त गोठू न देणारी विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावून उघड्यावर फिरतो, आणि घारीला असाच उंदीर सर्वांत सोपा वाटतो. मग विष तिच्यातही काम करतं.

घारी जंगलाला आग लावतात असं ऐकलं. अफवा आहे ना?

अफवा म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. आगीपुढून पळणारे किडे, सरडे, उंदीर पकडायला घारी धुराभोवती जमतात हे कुठेही दिसतं. उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की काही पक्षी पेटती काटकी उचलून न जळलेल्या गवतात नेऊन टाकतात. मार्क बोंटा, बॉब गॉसफर्ड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या, आग विझवणाऱ्यांच्या आणि इतर साक्षीदारांच्या हकिगती गोळा करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात तीन जाती येतात: आपली ही घार, शीळ घालणारी एक ऑस्ट्रेलियन घार आणि एक तपकिरी ससाणा. आग ओढ्यापाशी किंवा रस्त्यापाशी थांबली की पलीकडे ती नेली जाते, असं सांगणारे बरेच जण आहेत. ज्यांनी तिथे जन्म काढला त्यांच्या शब्दावर विज्ञानानं इतका उशिरा कान दिला, याची मला खंत वाटते.

हिवाळ्यात घारी अचानक वाढतात. कुठून येतात?

काही ठिकाणी इथल्याच घारी आयुष्यभर राहतात आणि हिवाळ्यात त्यांत उत्तरेच्या पाहुण्या मिसळतात. पाहुणी थोडी मोठी असते. उडताना पंखाखाली टोकाकडे पांढुरका पट्टा ठळक दिसतो, डोळ्यामागे गडद डाग असतो. दिल्लीत हिवाळा काढणाऱ्या अशा काही घारींच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र बसवून त्यांचा प्रवास टिपला गेला आहे. त्या कझाकस्तान, रशिया, चीन, मंगोलिया या भागांत वीण करायला जातात. तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर साधारण चार आठवड्यांत कापतात, आणि हिमालय-काराकोरमची भिंत के-२ शिखराच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातून ओलांडतात. मी जिचं अंग हातात तोलून पाहिलं आहे, तो हा पाऊण किलोचा जीव तिथून पार होतो!

युरोपातल्या घारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेत उतरतात. मोकळा समुद्र त्या टाळतात, कारण तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा समुद्रावर मिळत नाही, आणि त्या हवेवर स्वार झाल्याशिवाय लांबचा प्रवास परवडत नाही. सकाळी ऊन वर आल्याशिवाय घारी उंच का जात नाहीत, या आणखी एका पत्राचं उत्तरही हेच.

एवढ्या घारी आहेत, तर त्यांची काळजी कशाला करायची?

ब्रिटनमध्ये एकेकाळी लाल घारी रस्त्यावरची घाण खाऊन शहर साफ ठेवत, आणि लोक त्यांना सांभाळत. पुढे त्याच घारीला उपद्रवी ठरवून मारण्यासाठी बक्षिसं दिली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून ती नाहीशी झाली; वेल्सच्या डोंगरांत मूठभर जोड्या उरल्या. १९८९ पासून स्पेन आणि स्वीडनमधून पिल्लं आणून ती पुन्हा वसवली, तेव्हा कुठे आज तिथे तिच्या काही हजार जोड्या आहेत. ‘एवढ्या आहेत’ असं एकेकाळी तिच्याविषयीही म्हणता आलं असतं.

घारीचं पिल्लू किंवा जखमी घार जमिनीवर सापडली तर नेमकं काय करावं?

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आहे, म्हणून क्रमानं सांगते. पिल्लाला पिसं पूर्ण आली असतील, ते उभं राहत असेल आणि डोळे टवटवीत असतील, तर ते उडायला शिकताना खाली आलेलं आहे. कुत्र्या-मांजरांपासून लांब, जवळच्या झाडाच्या फांदीवर किंवा भिंतीवर ठेवा आणि दूर व्हा. आई-बाप त्याला शोधतात. कापसासारखी लव असलेलं पिल्लू, पंख लोंबणारी, रक्त असलेली किंवा मान टाकलेली घार मात्र उचलावी लागते.

उचलताना मोठा टॉवेल अंगावरून डोक्यासकट टाका. अंधार झाला की ती शांत होते. चोचीला घाबरू नका, पायांना घाबरा: दोन्ही पाय टॉवेलवरून एकत्र घट्ट धरा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुनं कापड घालून ठेवा. पिंजऱ्यात ठेवू नका, तारांवर आपटून पिसं मोडतात आणि पिसं मोडली की बरी झालेली घारही पुढची पिसं येईपर्यंत सोडता येत नाही. चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं आणि पाणी सरळ फुफ्फुसात जातं. दूध, पोळी, भात, बिस्किट, काहीही देऊ नका. मांजा गुंतला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि जखमेतला तुकडा तसाच राहू द्या, तो आम्ही काढतो. खोकं सावलीत, आवाजापासून लांब ठेवा, मुलांना दाखवायला सारखं उघडू नका, आणि त्याच दिवशी वनविभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला फोन करा. घार नेमकी कुठे सापडली ते कागदावर लिहून खोक्यावर चिकटवा, कारण बरी झाल्यावर तिला तिथेच सोडायचं असतं.